दीड भाकरी खाली

सुपडू मिस्त्री मांडीएवढ्या पाण्यात उभा,
दातात पाना धरून म्हणतो,
"मंजुळे, लिह्य."

मी केळीच्या पट्टीमागं लिहिते:
पंखा तेराचा. मोटार पायपांच्या तळाशी बरोबर.
काटा एकतीसशेवर अडला.
आवाज: कण्हतो.

बोट म्हणजे काय, दोन पायपं.
जळगावच्या कारखान्यात नापास झालेली,
ठिबकच्या नळ्यांची थोरली भावंडं.
तोंडं बंद केली, वर फळ्या ठोकल्या, वर ताडपत्री,
बाजूला आमच्या सोसायटीचं नाव,
त्यातला 'मच्छीमार' पेंटरनं चुकवला,
आम्हीही दुरुस्त केला नाही.
आता मासळी थोडी, माणसंच जास्त:
केळीच्या बागेत जाणाऱ्या बाया, मोटारसायकली, शेळ्या,
चांगदेवच्या या काठाहून
त्या काठाला.

पंखे दोन.
तेराचा सुरतेहून आला,
पॅसेंजरच्या सीटखाली, गोणपाटात.
तापी ज्या गावाला उतरत जाते
तिथून हा रुळांवरनं चढत आला भुसावळपर्यंत.
मिस्त्री स्टेशनवर गेला त्याला घ्यायला,
जावयाला जातात तसा, इस्त्रीचा सदरा घालून.
"लाकडात स्क्रू शिरतो ना,
तसा हा एका फेऱ्यात तेरा इंच शिरू पाह्यतो.
हलक्या होडीचा गडी आहे हा.
आपली त म्हैस आहे, बाप्पा. गाभन."

दुसरा नऊचा, चार पात्यांचा, मळकट.
घास लहान घेतो, पण चावून खातो.
तो लावला आणि काटा सरळ बावन्नशेवर.
मिस्त्री काही बोलला नाही,
तंबाखू मळत राहिला.
छत्तीस वर्षं लोको शेडमध्ये इंजिनं ऐकलेला माणूस,
आवाज बरा असला की गप्प बसतो.

मग उंची.
पंख्याच्या डोक्यावर आडवी पट्टी असते, तळहाताएवढी,
ती पाण्याखाली हवी.
किती खाली, ते कंपनीच्या पुस्तकात आहे,
पण ते एका पोटाच्या होडीचं.
आपल्या दोन पायपांमधनं पाणी येतं फेसाळत,
अर्धं पाणी, अर्धी हवा.
मोटार वर राहिली तर पंखा हवा गिळतो,
नुसता गरगरतो, बोट जागीच.
फार खाली गेली तर सगळी नदी ओढत न्यायची,
आणि उन्हाळ्यात धरण उतरलं
की खाली बाभळीची खोडं आहेत,
चिंधू भोयाच्या आजोबाच्या विहिरीचा कठडा आहे.

मोटारीच्या पायाशी फळीचे तुकडे रचलेत.
मिस्त्रीचं माप भाकरी.
"एक भाकरी वर घे."
"कळण्याची का बाजरीची?"
"कळण्याची. जाड."
घेतली. वळताना किंचाळली.
"दोन खाली."
आता जड चालते, मागं लाट लोळते.
"अर्धी वर."
दुपार टळली तेव्हा जमलं: तळापासून दीड भाकरी खाली.
बारा पोती खत मधोमध रचून पाहिलं,
डावीकडं वळून, उजवीकडं वळून, उलट घेऊन.
कुठं हवा नाही.
बोल्ट आवळले. मी पट्टीवर तारीख टाकली.

संध्याकाळी पहिली फेरी.
माणसं एकवीस, मोटारसायकल एक, बोकड एक.
मी हँडल धरून अशी बसले
जशी नदी माझ्याच नावावर आहे.
काठ वीस हात राहिला
आणि सगळी उठली.
हातात डबे, डोक्यावर गवताचे भारे,
गावाकडं तोंड करून सगळी पुढं, सगळी एकदम,
मागचं टोक उचललं,
पंखा उघडा पडला,
मोटार अशी बोंबलली
की बोकडानं पाण्यात उडी घेतली.

मिस्त्री काठावर बसून बघत होता.
पुष्कळ वेळानं म्हणाला,
"खताले घरी जायची घाई नसते वं."

सकाळी आणखी दोन भाकरी खाली घेतली.
बोट आता जड चालते, मला कळतं ते.
रोज पावशेर पेट्रोल जास्त लागतं.
सोसायटीच्या वहीत
मी ते 'किरकोळ'मध्ये लिहिते.